गॅस बंद केल्यानंतरची स्वच्छता

कोंबुचा, आल्याची फसफसणारी जिंजर बियर, गाजर-बीटची कांजी ही पेयं आता अंधेरी-बोरिवलीच्या आणि मुलुंड-घाटकोपरच्या स्वयंपाकघरांत रुळू लागली आहेत. कृती हव्या तितक्या मिळतात. साखर किती, चहा किती, किती दिवस झाकून ठेवायचं हे सगळं त्यांत चोख दिलेलं असतं. भांड्यांविषयी मात्र एवढंच असतं, की स्वच्छ कोरडी बरणी घ्यावी. नवशिक्यांची पहिली खेप बिघडते ती बहुतेक वेळा याच ओळीपाशी, कारण स्वच्छ म्हणजे किती स्वच्छ हे कुणी सांगितलेलं नसतं.

ते सगळ्यांत बारकाईनं शिकावं लागलं बियर बनवणाऱ्यांना. १८७१ साली लुई पाश्चर लंडनच्या व्हिटब्रेड या बियरच्या कारखान्यात गेले, तिथलं यीस्ट त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं आणि त्यात नको ते जंतू कसे शिरले आहेत हे तिथल्या लोकांना दाखवून दिलं. ते पुन्हा गेले तोवर कारखान्यानं स्वतःचा सूक्ष्मदर्शक विकत घेतला होता. १८७६ साली पाश्चर यांचा बियरवरचा ग्रंथ आला. बियर नासते ती नशिबानं किंवा हवामानानं नव्हे, तर बाहेरून आलेल्या सूक्ष्मजीवांमुळे, हे त्यात पुराव्यानिशी मांडलं होतं. पुढे १८८३ साली कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग या बियरच्या कारखान्यात एमिल हॅन्सन यांनी एका पेशीपासून शुद्ध यीस्ट वाढवून दाखवलं. पाश्चर-हॅन्सन यांच्या काळापासून बियरच्या धंद्यात धुलाईला पाककृतीइतकाच मान आहे. आज अंधेरीतल्या मायक्रोब्रुअरीत काचेपलीकडे ज्या चकचकीत स्टीलच्या टाक्या दिसतात, त्या प्रत्येक खेपेनंतर आधी गरम कॉस्टिकनं, मग आम्लानं धुतल्या जातात आणि भरण्याआधी निर्जंतुक केल्या जातात. तिथल्या कामाचा मोठा भाग धुण्यातच जातो.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. महाराष्ट्रात परवान्याशिवाय बियर बनवणं हा गुन्हा आहे. १९४९ सालचा मुंबई दारूबंदी कायदा, म्हणजे आताचा महाराष्ट्र दारूबंदी कायदा, त्याला मनाई करतो, आणि थोडीशी घरातल्या घरात पिण्यापुरती केली ही सबब त्यात चालत नाही. म्हणून इथल्या वाचकांसाठी हा लेख कोंबुचा, आल्याचं पेय, कांजी यांच्या भांड्यांविषयी आहे. आल्याचं पेय दोन-तीन दिवसांत फ्रीजमध्ये गेलं तर त्यात अल्कोहोल अगदी थोडं उतरतं. बाहेर ठेवून मुरवत नेलं तर ते वाढत जातं, आणि मग ते साधं पेय राहत नाही. मुलं-नातवंडं अमेरिकेत असतील तर गोष्ट वेगळी. तिथे १९७८ च्या केंद्रीय कायद्यानं प्रौढ माणसाला घरच्यापुरती वर्षाला १०० गॅलन, म्हणजे साधारण ३८० लिटर बियर बनवता येते, आणि न्यू जर्सीपासून कॅलिफोर्नियापर्यंत अनेक मराठी घरांच्या तळघरांत किंवा गॅरेजमध्ये हा छंद चालतो. भांडी धुण्याचे नियम दोन्हीकडे तेच आहेत.

त्या नियमांतला पहिला आणि सगळ्यांत उपयोगी असा: गॅस बंद करण्याआधीचं काम आणि नंतरचं काम ही दोन वेगळी कामं मानायची. बियरमध्ये माल्टचा गोड काढा तासभर उकळतात. त्या पातेल्यात, त्या डावावर, त्या पाण्यात काही जंतू असले तरी उकळीत ते मरतात, म्हणून तोवरची भांडी नेहमीसारखी स्वच्छ असली की पुरे. काढा निवायला लागला की चित्र पालटतं. साखर आहे, ओलावा आहे, ऊब आहे आणि राखण करणारी उष्णता गेली आहे. त्या क्षणापासून पेयाला जे जे लागेल ते निर्जंतुक हवं. त्यात गाळणी, नरसाळं, चमचा, बरणी, झाकण, फडकं, नळी आणि आपला हातही आला.

कोंबुचाचा गोड चहा असो, आल्याचा पाक असो, हाच हिशेब. बहुतेकजण उकळण्याच्या पातेल्यावर मेहनत घेतात, ते लख्ख घासतात, आणि निवलेला चहा मात्र सकाळी ज्या गाळणीनं दुधाचा चहा गाळला तिच्यातूनच बरणीत ओततात. गाळणीच्या जाळीत आणि कडेच्या पट्टीखाली दुधाचे कण अडकलेले असतात. पुढच्या आठ-दहा दिवसांत बिघाड व्हायला तेवढे पुरेसे असतात.

दुसरा नियम हा, की धुणं आणि निर्जंतुक करणं ही दोन कामं आहेत आणि त्यांचा क्रम उलटत नाही. धुणं म्हणजे दिसणारी आणि हाताला लागणारी घाण काढणं: साखरेचा चिकटा, तेलाचा ओशटपणा, यीस्टचा वाळलेला थर, पाण्याचा पांढरा क्षार. निर्जंतुक करणं म्हणजे त्यानंतर उरलेल्या, न दिसणाऱ्या जंतूंची संख्या इतकी खाली आणणं, की आपण घातलेल्या विरजणापुढे त्यांचं काही चालू नये. घाणीच्या थराखाली जंतू सुरक्षित असतात, आणि क्लोरीनसारखं द्रव्य तर त्या घाणीशीच झगडण्यात संपून जातं. मळक्या बरणीत कितीही महागडं जंतुनाशक ओतलं तरी ते वाया जातं. वेळ कमी असेल तर धुण्यातून चोरू नका.

धुण्यासाठी आपल्याकडचा नेहमीचा भांड्याचा बार किंवा सुगंधी लिक्विड ही पहिली पसंती नको. त्यांचा वास प्लास्टिकमध्ये आणि रबरात बसतो, आणि राहिलेल्या साबणामुळे बियरचा फेस टिकत नाही. बिनवासाचं, साधं लिक्विड थोडंसं घेऊन भरपूर पाण्यानं खळबळलं तर चालेल. वाण्याकडे मिळणारा धुण्याचा सोडा त्याहून बरा आणि स्वस्त. सगळ्यांत चांगलं म्हणजे सोडियम परकार्बोनेट. तो धुण्याच्या सोड्याचाच ऑक्सिजन सोडणारा भाऊबंद. सुट्या पावडरीच्या रूपात तो ऑनलाइन मिळतो, पण कपड्यांच्या 'ऑक्सी' पावडरीत अत्तर आणि रंग असतात, ती इथे वापरू नये. चार लिटर कोमट पाण्याला एक मोठा चमचा पावडर घालून बरणी अर्धा तास भरून ठेवायची, थर जुना असेल तर रात्रभर. घासायची गरजच फारशी पडत नाही, आणि हाच त्याचा मोठा गुण. हातमोजे घाला, कारण तो कातडी कोरडी करतो. ॲल्युमिनियमच्या भांड्याला सोडा आणि परकार्बोनेट दोन्ही लावू नका, भांडं काळं पडतं आणि धातू खाल्ला जातो.

घासायचंच असेल तर मऊ स्पंज किंवा बाळाच्या बाटल्यांचा ब्रश. तारेची घासणी, काथ्या, हिरवं खरखरीत स्क्रबर हे प्लास्टिकच्या आणि ॲक्रिलिकच्या भांड्याला कधीही लागू देऊ नये. त्यांनी पडलेल्या बारीक चऱ्यांत जंतू असा थर धरून बसतात, की तिथे द्रव्य पोचत नाही. चरे पडलेलं प्लास्टिक कितीही स्वच्छ दिसलं तरी या कामातून बाद, त्यात डाळ-तांदूळ भरा. घरी भांडी घासायला मावशी येत असतील तर आंबवण्याची भांडी सिंकमध्ये ठेवूच नका. त्या आपल्या सवयीनं तार लावणार, त्यात त्यांची चूक काही नाही. ही भांडी स्वतः धुवायची आणि वेगळ्या फळीवर ठेवायची, हे घरात आधीच ठरवून टाकलेलं बरं.

आता तोटी. कोंबुचासाठी हल्ली तोटी लावलेल्या काचेच्या बरण्या मिळतात. दिसायला छान, सोयीच्या, आणि बिघाडाचं मूळ शोधायला गेलं की बहुतेक वेळा बोट तिथेच जातं. तोटी बरणीला लावलेली ठेवून नुसतं पाणी सोडून ती धुतली जात नाही. आतून चकती सोडवा, तोटी बाहेर काढा, दोन्ही बाजूंचे वायसर सुटे करा. वायसरच्या मागच्या बाजूला बोट फिरवलं की पहिल्या खेपेनंतरच एक बुळबुळीतपणा लागतो, हलकासा तपकिरी, नाकाला लावला तर आंबूस. तोच तो थर. तोटीच्या दांड्याचा फिरणारा भाग ओढून निघत असेल तर तोही काढा, आणि नळीच्या आतून कान साफ करायच्या कापसाच्या काडीनं पुसून बघा. काडी स्वच्छ बाहेर येईपर्यंत हे काम चालू ठेवायचं. वायसर सिलिकॉनचे असतील तर दहा मिनिटं उकळता येतात. काळे रबरी असतील तर ते काढून हार्डवेअरच्या दुकानातून त्याच मापाचे, खाद्यपदार्थांना चालतील असे सिलिकॉनचे आणावेत. आणि तोटी धातूची असेल तर ती स्टीलचीच आहे ना याची खात्री करा. वर मुलामा आणि आत पितळ असेल तर कोंबुचाचं आम्ल ते खातं. तांब्या-पितळेच्या भांड्यांत आंबट ठेवायचं नाही, कल्हई उडाली तर मुळीच नाही, हे आपल्या आजीला माहीत होतंच. हा नियम जसाच्या तसा इथे लागू आहे. नवशिक्यानं पहिल्या दोन-चार खेपा बिनतोटीच्या रुंद तोंडाच्या बरणीत कराव्यात असं माझं ठाम मत आहे. ज्या बरणीत हात कोपरापर्यंत जातो ती बरणी स्वच्छ होते.

नळ्यांचंही तसंच. एका भांड्यातून दुसऱ्यात पेय ओढून घ्यायला जी नळी वापरतात तिच्या आत ब्रश जात नाही. वापरून झाल्या झाल्या तिच्यातून गरम पाणी सोडा, मग परकार्बोनेट, मग पुन्हा पाणी, आणि उंच ठिकाणी सरळ टांगून वाळवा. आत धुरकट दिसू लागली की फेकून द्या. मीटरभर नळीला पैसे फार पडत नाहीत.

धुवून झालं, आता निर्जंतुक करणं. आपल्या स्वयंपाकघरात त्याचं सगळ्यांत भरवशाचं साधन आधीच आहे: उष्णता. मुंबई समुद्रसपाटीला असल्यामुळे पाणी पुरत्या १०० अंशांना उकळतं. स्टीलचे चमचे, गाळणी, नरसाळं, काचेची झाकणं खळखळत्या पाण्यात दहा मिनिटं बुडवली की काम झालं. काचेची बरणी उकळायची तर पातेल्याच्या तळाशी फडक्याची घडी ठेवा, बरणी गार पाण्यात बुडवा आणि मग गॅस पेटवा. गार बरणीत उकळतं पाणी ओतलं तर ती तडकते. कोंबुचावर बांधायचं मलमलचं फडकं, चिमटा, कात्री अशा वस्तू कुकरच्या डब्यात ठेवून वीस मिनिटं वाफेवर ठेवता येतात. कुकरमध्ये तापमान १२१ अंशांच्या आसपास जातं, आणि ते साध्या उकळीपेक्षाही कडक आहे. घरात बाळाच्या बाटल्यांचं वाफेचं यंत्र पडून असेल तर झाकणं, वायसर यांसाठी ते बाहेर काढा.

उष्णता चालत नाही ती प्लास्टिकला. सोड्याच्या पारदर्शक बाटल्या साधारण ७० अंशांनाच आकसायला लागतात. तिथे द्रव्य वापरावं लागतं. घरात सहज मिळतं ते सोडियम हायपोक्लोराइटचं ब्लीच. बिनवासाचं, पातळ, साधं घ्यायचं. पाच टक्क्यांचं असेल तर लिटरभर पाण्याला चार मिलिलिटर, म्हणजे लहान चमच्यापेक्षा थोडं कमी. दहा मिनिटं बुडवा आणि मग उकळून गार केलेल्या पाण्यानं तीनदा खळबळा. नळाच्या पाण्यानं खळबळलं तर केलेल्या कामावर पाणी पडलं म्हणायचं. क्लोरीन राहिला तर पेयाला औषधासारखा वास येतो, आणि बियरमध्ये तो फारच लवकर जाणवतो. स्टीलच्या भांड्यात ब्लीच भरून ठेवू नका, बारीक खड्डे पडतात. आपल्या उन्हाळ्यात बाटलीतलं ब्लीच महिन्यागणिक कमजोर होत जातं, तेव्हा जुनी अर्धी बाटली असेल तर ती फरशीला वापरा आणि या कामाला नवी आणा. आणि हे मात्र घरातल्या प्रत्येकाला सांगा: ब्लीचमध्ये व्हिनेगर, लिंबूसत्त्व, टॉयलेट साफ करायचं ॲसिड यांपैकी काहीही मिसळू नये. त्यातून क्लोरीन वायू निघतो. बंद बाथरूममध्ये तो जीवावर बेततो. अमोनियाच्या क्लीनरशीही ब्लीच मिसळायचं नाही.

बियरच्या छंदिष्टांमध्ये सगळ्यांत लाडकं आहे ते स्टार सॅन नावाचं आम्लाचं द्रव्य. त्यात फॉस्फरिक आम्ल आणि फेस करणारं एक रसायन असतं. लिटरला साधारण दीड मिलिलिटर घालायचं, पृष्ठभाग एक-दोन मिनिटं ओला ठेवायचा, ओतून टाकायचं, धुवायचं नाही. बाटलीत फेस राहिलेला पाहून नवखा माणूस घाबरतो आणि नळाखाली धरतो. तसं करू नका, तो फेस त्या प्रमाणात निरुपद्रवी आहे. त्याचा जोर त्याच्या आंबटपणात असतो. पीएच ३ च्या वर गेला की ते नुसतं पाणी, म्हणून जवळ पीएच पट्ट्या असू द्याव्यात. आयोडीनवाली द्रव्यंही मिळतात, तिथे लिटरला १२.५ मिलिग्रॅम आयोडीन आणि दोन मिनिटं हे प्रमाण. जखमेवर लावायचं आयोडीन त्याला पर्याय नाही. हाताला लावायची सॅनिटायझरची जेलीही नको, तिच्यात ग्लिसरीन आणि अत्तर असतं. सत्तर टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल फवारणीच्या बाटलीत भरून कात्री, बाटलीचं तोंड, तोटीचं बाहेरचं टोक यांवर मारायला उत्तम. ते पूर्ण उडून जाऊ द्या आणि पेटत्या गॅसपासून दूर राहा. नव्वद-पंच्याण्णव टक्क्यांचं आणखी चांगलं असेल असं वाटतं, पण जंतूंच्या आत शिरायला थोडं पाणी लागतं, म्हणून सत्तरच.

मुंबईच्या पाण्याविषयी दोन शब्द. महापालिकेचं पाणी भातसा, तानसा, वैतरणा, विहार, तुळशी या तलावांचं आहे, भांडुप आणि पांजरापूरला शुद्ध होऊन क्लोरीन घालून येतं आणि मुळात मऊ आहे. हे आपलं भाग्य, कारण मऊ पाण्यात धुण्याची आणि जंतुनाशक द्रव्यं नीट काम करतात. पण ते आपल्या नळाला थेट येत नाही. सोसायटीच्या तळटाकीत पडतं, पंपानं गच्चीवरच्या टाकीत चढतं, आणि टाकी वर्षातून किती वेळा धुतली जाते हे तुमच्या सोसायटीवर अवलंबून. पावसाळ्यात पाणी उकळून प्यायचं आवाहन महापालिका करते, ते या कामालाही लागू समजा. शेवटच्या खळबळण्याचं पाणी बाराही महिने उकळलेलंच हवं. मे महिन्यात टँकर आला किंवा बोअरचं पाणी मिसळलं, की गोष्ट बदलते. ते पाणी जड असतं. परकार्बोनेटनं धुतल्यावर काचेवर पांढुरका थर राहतो, आणि आम्लाचं द्रव्य त्यात गढूळ होऊन लवकर मरतं. थर काढायला लिटरला मोठा चमचाभर लिंबूसत्त्व घालून बरणी पंधरा मिनिटं ठेवा, पण आधीचा सोडा किंवा ब्लीच पूर्ण धुऊन गेल्यावरच. जंतुनाशकासाठी फिल्टरचं पाणी घ्या.

आपल्याकडे बरणी ओली राहिली तर लोणचं बुरसतं, म्हणून बरणीला ऊन दाखवायचं, कोळशावर हिंग टाकून तिला धुरी द्यायची. ती रीत लोणच्यासाठी अगदी योग्य आहे. लोणच्यात मीठ आणि तेल राखण करतात, बरणीनं फक्त कोरडं असायचं, आणि धुरातले घटक बुरशीला अटकाव करतात. पेयाच्या बरणीला मात्र धुरी देऊ नये, वास उतरतो. उन्हाविषयीही एक गैरसमज आहे. उन्हातले जंतू मारणारे किरण साध्या काचेतून बरेचसे आत जात नाहीत, त्यामुळे उन्हात ठेवलेली बरणी वाळते, पण आतून निर्जंतुक होतेच असं नाही. लोणच्याच्या हंगामात मे महिन्याचं कडक ऊन असतं. जुलैत बोरिवलीच्या खिडकीतल्या जाळीवर ठेवलेली बरणी दोन दिवस वाळत नाही आणि दमट हवेत तिच्यावर नव्यानं बुरशीचे कण बसतात. म्हणून पावसाळ्यात भांडी आदल्या दिवशी निर्जंतुक करून ठेवण्यात अर्थ नाही. पेय निवत असताना हे काम करायचं आणि बरणी ओली असतानाच भरायची. फडक्यानं आतून पुसायची नाही. स्वयंपाकघरातलं फडकं हे त्या खोलीतलं सर्वांत जंतुमय कापड असतं.

निवण्याच्या वेळी पंखा बंद ठेवा. त्याच ओट्यावर पीठ चाळू नका, कारण गव्हा-तांदळाच्या पिठात आंबट करणारे जंतू भरपूर असतात आणि इडली-डोशाला आपण त्यांचाच उपयोग करतो. केळ्यांची फणी दूर न्या. केळ्यांवर घोंघावणारी चिलटं त्यांच्या पायांवर व्हिनेगर करणारे जंतू घेऊन फिरतात आणि गोड-आंबट वासाला हटकून येतात. बरणीवर जाळीदार कापड बांधलं तर ती आत जातात, तिथे घट्ट विणीचं मलमल दुहेरी करून रबरानं आवळा.

आल्याच्या पेयापाशी येऊन पुष्कळांचा गोंधळ होतो. सगळं निर्जंतुक करायचं म्हणता, मग आलं न सोलता किसून का घालायचं? कारण ज्या यीस्टनं हे पेय फसफसतं ते आल्याच्या सालीवरच असतं. इंग्लंडमधल्या हॅरी मार्शल वॉर्ड या वनस्पतिशास्त्रज्ञानं १८९२ साली जिंजर बियरच्या विरजणाचा अभ्यास करून दाखवलं, की त्यात यीस्ट आणि आम्ल करणारे जिवाणू एकमेकांच्या आधारानं नांदतात. आपल्याला सगळ्यांनाच मारायचं नाही, हवे तेवढेच राहावेत आणि त्यांना पहिल्या दिवसापासून वरचष्मा मिळावा एवढंच हवं. म्हणून आलं पाण्याखाली माती जाईपर्यंत चोळून धुवायचं, साबण किंवा व्हिनेगर न लावता, आणि बरणी, किसणी, चमचा मात्र काटेकोर निर्जंतुक ठेवायचा. कोंबुचात हेच काम जुना आंबट कोंबुचा करतो. नव्या चहात तो एक दशांश घातला की मिश्रण सुरुवातीपासूनच आंबट होतं आणि बुरशीला जागा राहत नाही. पीएच पट्टीवर ४.२ किंवा त्याखाली दिसायला हवा. तो जास्त असेल तर बरणी कितीही स्वच्छ असली तरी आणखी जुना कोंबुचा घाला. आपल्या हवेत, विशेषतः एप्रिल ते ऑक्टोबर, सगळं पुस्तकातल्या दिवसांपेक्षा लवकर होतं. पुस्तकं लिहिणाऱ्यांचं घर वीस-बावीस अंशांचं असतं, आपलं तीस. चांगलं विरजण लवकर वाढतं तसा वाईट जंतूही.

बाटल्यांत भरताना सुरक्षितपणा स्वच्छतेइतकाच महत्त्वाचा. फसफसणारं पेय फक्त फसफसत्या पेयांसाठी बनवलेल्या बाटल्यांत भरावं. सरबताच्या, सॉसच्या, शोभेच्या चौकोनी काचेच्या बाटल्या दाबानं फुटतात. नवशिक्यासाठी सोड्याच्या प्लास्टिकच्या बाटल्या बऱ्या. बाहेरून दाबून बघता येतात, कडक लागल्या की लगेच फ्रीजमध्ये. झाकणाच्या आटीत साखर वाळून बसते आणि वरून दिसत नाही, ती ब्रशनं काढा. काचेच्या बाटलीत पेयाच्या पातळीला मानेभोवती पांढुरकी वर्तुळाकार रेघ उमटली तर ती बाटली बिघडल्याची खूण आहे, आणि तशीच खूण सगळ्या बाटल्यांवर असेल तर दोष बाटल्यांत नसून आधीच्या नळीत किंवा तोटीत आहे. कोंबुचावर गुळगुळीत, मेणासारखी साय येणं ठीक. कोरडी, लोकरीसारखी, हिरवी-काळी-पांढरी बुरशी दिसली तर वरचा भाग काढून खालचं वापरू नये. चहा, वरची साय सगळं टाकून द्या आणि बरणी आधी धुण्यापासून सुरू करा. गरोदर बायकांना आणि ज्यांची प्रतिकारशक्ती कमी आहे त्यांना घरचा कोंबुचा देऊ नये, कितीही निगुतीनं केलेला असला तरी.

राहिलं वापरानंतरचं. पेय बाटल्यांत गेलं की दमून बरणी सिंकमध्ये तशीच ठेवली जाते आणि सकाळपर्यंत यीस्टचा थर वाळून काचेला धरतो. तेव्हाच्या तेव्हा पाणी भरून ठेवलं तर पाच मिनिटांचं काम असतं, वाळल्यावर रात्रभर भिजवावं लागतं. धुतलेली बरणी झाकण लावून ठेवू नका, आत दमट वास धरतो. झाकण शेजारी, बरणी जाळीवर पालथी, वायसर सुटे करून वाटीत. वायसरचा एक जोड आणि हातभर नळी नेहमी जास्तीची घरात असू द्या. बिघडलेल्या खेपेनंतर संशय आला की धुण्याच्या खटाटोपापेक्षा या दोन वस्तू बदलणं केव्हाही स्वस्त पडतं.